ग्रे मादी, 'स्प्लिट' मादी आणि माझे नऊशे रुपये

लातूरला दोन वर्षं नीटची तयारी केली. आनुवंशिकतेच्या धड्यातल्या मॉर्गनच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माशा, रंगांधळेपणाच्या वंशावळी, सगळं तोंडपाठ होतं. डॉक्टर झालो नाही, ते जाऊ द्या. पण ज्या प्रश्नाचं उत्तर बारावीच्या पुस्तकात छापलेलं होतं, त्याच प्रश्नावर पुढं परभणीत झेब्रा फिंच हे पिंजऱ्यातले छोटे पक्षी पाळताना नऊशे रुपये आणि जवळपास वर्ष घालवलं.

राळं, समुद्रफेस, घरट्याचं मडकं कुठं टांगायचं, हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो. नर-मादी मात्र नीट ओळखता आले पाहिजेत. नराच्या गालावर नारिंगी डाग, छातीवर काळी पट्टी, कुशीला तपकिरीवर पांढरे ठिपके आणि चोच लाल. मादी साधी, चोच नारिंगी. हे जमत नसेल तर रंगाच्या नादी लागूच नका.

माझी पहिली जोडी म्हणजे ग्रे नर आणि फॉन मादी. फॉन म्हणजे राखाडीच्या जागी दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. अंड्यांच्या दोन खेपेला नऊ पिल्लं निघाली, नऊच्या नऊ ग्रे. मी म्हटलं, फॉन कमजोर दिसतोय, ग्रेनं दाबून टाकला. पिल्लं दोनशेला एक अशी देऊन मोकळा झालो. त्यात पाच नर होते. हे पाच लक्षात ठेवा.

मे महिन्यात फॉन मादी गेली. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, मी मेडिकलवर गिऱ्हाईक बघत बसलेलो. संध्याकाळी घरी आलो तर ती पिंजऱ्याच्या तळाला, चोच उघडी. परभणीचा मे सांगायला नको. तेव्हापासून एप्रिल ते जूनचा पाऊस पडेपर्यंत मी घरट्याची मडकीच काढून ठेवतो, म्हणजे अंडी बंद. पैसा महत्त्वाचा की पक्षी, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मग संभाजीनगरचा एक विक्रेता म्हणाला, "फॉन सध्या नाही, पण फॉन स्प्लिट मादी आहे. दिसायला ग्रे, आतून फॉन. पिल्लांत निघणारच." साध्या ग्रे मादीचे साडेतीनशे, हिचे नऊशे. मला पटलं. का पटलं ते सांगतो, कारण तुम्हालाही असंच पटणार आहे.

माणसात रंगांधळेपणा मुलाला आईकडून येतो. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण ती वाहक असते. हे असले पन्नास प्रश्न सोडवलेले, त्यामुळं 'लपवून ठेवते ती मादी' एवढंच डोक्यात घट्ट बसलेलं. विक्रेता बोलला आणि मी मनातल्या मनात बरोबर उत्तराचा गोल काळा केला.

पक्ष्यांत हे नेमकं उलटं आहे. लिंग ठरवणारी गुणसूत्रं माणसात बाईची एक्सएक्स, पुरुषाची एक्सवाय. पक्ष्यांत नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. फॉनचं जनुक झेडवर असतं, डब्ल्यूवर त्याला जागाच नाही. नराकडं दोन झेड. एकावर ग्रे, एकावर फॉन असला तर ग्रे दिसतो आणि फॉन आत दडून राहतो. तो नर स्प्लिट. मादीकडं झेड एकच. त्यावर फॉन असला तर ती फॉन दिसणार, नसला तर नाही. एकाच खोलीचं घर असलेला माणूस पाहुणा लपवणार कुठं? फॉन स्प्लिट मादी नावाचा पक्षी नसतो. नऊशेलाही नसतो, फुकटही नसतो.

हे परत एकदा वाचा. मला परत वाचायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तीन खेपा अंडी मोबाइलच्या उजेडात धरून बघत बसलो आणि तिन्ही वेळा ग्रे पिल्लं मोजली. सीएफडब्ल्यू (तपकिरी कुशीचा पांढरा) आणि लाइटबॅक (फिक्या पाठीचा) हेही रंग झेडवरचेच, त्यांनाही हाच नियम. उलट पाइड (मधे मधे पांढरे डाग), पेंग्विन (पोटाकडून पांढरा), व्हाइट हे झेडवर नसतात. तिथं नर-मादी दोघंही स्प्लिट असू शकतात. म्हणजे कुणी 'पाइड स्प्लिट मादी' म्हणाला तर तो खोटंच बोलतोय असं नाही. कोणता रंग कुठं बसलाय एवढं आधी बघा.

तिसऱ्या खेपेनंतर नांदेडच्या एका काकांकडं गेलो. पंचवीस वर्षांपासून फिंच पाळतात. माझी कहाणी ऐकून हसले नाहीत. म्हणाले, "लेक बापावर जाती, एवढं धरून चाल." फॉन नराला ग्रे मादी लावली तर सगळ्या मुली फॉन, सगळे मुलगे ग्रे पण स्प्लिट. उलटं लावलं, म्हणजे ग्रे नर आणि फॉन मादी, तर सगळी पिल्लं ग्रे. पण मुलगे? त्यांना आईचा झेड गेलेला असतोच. एकूण एक स्प्लिट.

माझे ते पाच. दोनशेला एक.

मग काकांनी वही उघडली. कोणत्या पिंजऱ्यात कोण, अंडी कधी, पिल्लू कधी उडालं, पायात कोणत्या रंगाची रिंग. माझं स्पष्ट मत आहे, जो तुम्हाला वही दाखवत नाही त्याला गुरू करू नका. फोटो दाखवणारे शंभर भेटतात. आणि ते मोबाइलवर जोडी टाकली की टक्केवारी सांगणारं ॲप आधी वापरू नका. ते चुकत नाही, पण तुम्ही नर-मादीची अदलाबदल केली तरी ते तितक्याच आत्मविश्वासानं उत्तर देतं. चार जोड्या कागदावर हातानं मांडा, मग खुशाल वापरा.

टक्केवारीचंही एक असतं. स्प्लिट नर आणि ग्रे मादी लावली तर मुलींत निम्म्या फॉन, असं पुस्तक सांगतं. याचा अर्थ चार मुलींत दोन मोजून घ्या असा नाही. प्रत्येक अंडं म्हणजे नवा छापा-काटा. चारही ग्रे निघू शकतात, घाबरू नका. पाच मुली सलग ग्रे निघायची शक्यता बत्तिसात एक, तेव्हा पाचनंतर नरावर शंका घ्यायला हरकत नाही. घाई असेल तर त्याच नराला फॉन मादी लावा, मग मुलगेही निम्मे फॉन निघू शकतात आणि प्रत्येक पिल्लू पुरावा होतं. त्यासाठी आई-मुलाचीच जोडी लावणारे आहेत. मला ते पटत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. डोक्यावर तुरा असलेल्या नराला तुरेवाली मादी लावू नका. तुऱ्याचं जनुक दोन्हीकडून आलेलं पिल्लू जगत नाही, चारातलं एक अंडं वाया जाऊ शकतं. एका बाजूला तुरा पुरे. पांढऱ्या पक्ष्याच्या आत ग्रे आहे का फॉन ते दिसत नाही आणि नर-मादी फक्त चोचीवरून. कॉलनीत, म्हणजे एकाच मोठ्या पिंजऱ्यात बऱ्याच जोड्या ठेवल्या तर, रंगाचा हिशोब लागत नाही. दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकणाऱ्या माद्या असतात, शिवाय मागच्या नराचं बीज मादीच्या पोटात दहा-बारा दिवस टिकतं. म्हणून कॉलनीतून काढलेली मादी मी तीन आठवडे एकटी ठेवतो. आणि बाजारात गुलाबी-हिरवे पक्षी स्वस्तात दिसले तर हात लावू नका. त्या रंगवलेल्या मुनिया असतात. आपल्याकडच्या मुनिया पकडणं-विकणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो रंग पिसं गळली की गेला.

मी नांदेडहून आलो आणि पाच नरांचा माग काढत बसलो. दोन मेले होते, दोघांचा पत्ता नाही. पाचवा सेलूला, एका आठवीतल्या पोराकडं. पोरगा द्यायला तयार नव्हता. त्याची आई म्हणाली, "दादा, ह्यानं त्याचं नाव ठेवलंय, आता कसं द्यायचं?" दोनशेला विकलेला नर मी पाचशे आणि एक ग्रे जोडी देऊन परत आणला.

त्याला लावली ती नऊशेची मादी. साधी ग्रे म्हणून ती चांगली होती, उगाच कशाला बोलायचं. दिवाळीनंतर चार पिल्लं निघाली. पिसं फुटायला लागली तेव्हा तिघं राखाडी आणि एक चहाच्या रंगाचं. मी वही काढली आणि त्याच्यापुढं 'मादी' लिहिलं.

मेहुणा शेजारी उभा होता. "चोच तर काळीच हाय अजून. कशावरून लिहायलाव?"

"बापावरून," मी म्हटलं.

दीड-दोन महिन्यांनी चोच नारिंगी झाली. गालावर डाग आला नाही.