सस्पेन्शनचा बोल्ट जाम झालाय? या चुका टाळा

पावसाळा संपला की पुण्यात फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या) सायकलींची रांग लागते. चार महिने चिखल, वर प्रेशर वॉशरचा मारा, आणि पिव्हटकडे, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांकडे, कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. बेअरिंग करकरायला लागली की साहेब व्हिडिओ लावून स्वतःच उघडायला बसतात. मग माझ्याकडे येतो तो डोकं गोल झालेला बोल्ट. गंजानं केलेलं नुकसान त्यात थोडंच असतं, बाकी सगळी घाईची करणी.

हलत नाही म्हणून ठोकणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. अलिबागकडचा एक पोरगा मेन पिव्हट जाम झालेली फ्रेम घेऊन आला. समुद्राची हवा, ग्रीसचा पत्ता नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, म्हणून बोल्ट आवळला जातो. पण इथे खरा घोळ वेगळाच होता. त्या पिव्हटच्या ॲक्सलचं एक टोक मुळातच चिरा देऊन बनवलेलं होतं. आत शंकूसारखी पाचर आणि ती ओढणारा छोटा बोल्ट. तो आवळला की टोक फुलतं आणि फ्रेमला घट्ट धरतं. पठ्ठ्यानं पाचर तशीच ठेवून एलन कीला पाइप लावला. की बसते तो षटकोनी खड्डा गोल झाला, तेव्हा पलीकडून, आटे अडकलेले असतानाच, लोखंडी हातोडी घातली. आट्यांच्या टोकाला अळंबीसारखी टोपी आली.

ती टोपी ग्राइंडरनं उडवली, पाचरेचा बोल्ट सैल केला, त्यावर हलकी टकटक केली आणि गोल झालेल्या षटकोनात किंचित मोठा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचा) बिट ठोकून बसवला. ॲक्सल निमूट फिरली. मग फ्रेमचे आटे टॅपनं पुन्हा कापून नीट करावे लागले, बेअरिंगही गेली. कंपनीच्या साइटवर त्या फ्रेमचा सुट्या भागांचा नकाशा होता. तो आधी पाहायला काय पैसे पडत होते?

ठोकायचंच असेल तर प्लास्टिकची हातोडी घ्या. पिन दोन तुकड्यांची असेल तर बोल्ट दोन-तीन आटे आत ठेवा आणि त्याच्या डोक्यावर मारा. मार बोल्टनं खाल्ला तरी चालतो, तो नवा मिळतो.

शॉक ॲब्सॉर्बरमधली हवा न सोडणं

हवा सोडा, मागचं चाक हातानं किंचित वर-खाली करा. लिंकवरचा, म्हणजे सांधे जोडणाऱ्या दांड्यांवरचा, ताण गेला की अर्धे ‘जाम’ बोल्ट बोटांनी निघतात. मात्र हवा सोडल्यावर शॉक दाबलेलाच राहिला तर त्याला हात लावू नका. आत दाब अडकलेला असतो, तो शॉक थेट सर्व्हिसवाल्याकडे न्या.

गॅसचा टॉर्च लावणं

थ्रेडलॉकर म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद. निळं साध्या पान्यानं सुटतं. लालला साधारण 250 अंश सेल्सिअस लागतात, आणि कार्बन फ्रेममधलं रेझिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मी सोल्डरिंग आयर्न फक्त बोल्टच्या डोक्यावर धरतो, फ्रेमला हात लावून बघत. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळतो. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून स्टीलच्या बोल्टभोवती जागा होते. ॲक्सलही ॲल्युमिनियमची असेल तर मात्र याचा फारसा उपयोग नाही.

किरकोळ, पण रोजच्या:

षटकोनातली माती दाभणानं उकरा, मगच की घाला. की पूर्ण तळापर्यंत बसली पाहिजे.

गोल टोकाची एलन की जाम बोल्टला लावायची नाही. कधीच नाही.

साधं डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवण्यासाठी 1953 मध्ये बनलं. जाम बोल्टला पेनिट्रेटिंग (फटीत झिरपणारं) ऑइल आणा, मारा, आणि रात्रभर झोपा. दहा मिनिटांत पाना घेऊन बसणाऱ्यांनी ते मारलंच नाही तरी चालेल.

बोल्ट तुटला तर एक्स्ट्रॅक्टरच्या (तुटका बोल्ट ओढून काढायच्या हत्याराच्या) आधी उलट्या दिशेचा ड्रिल बिट वापरून बघा, पुष्कळदा तुकडा त्याच्याबरोबरच बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला की साधं ड्रिल त्याला शिवतही नाही. मग फ्रेम वर्कशॉपमध्ये न्यायची आणि ते म्हणतील तेवढे मोजायचे.