स्क्रीनचं स्केलिंग विंडोला विचारा, मॉनिटरला नाही

देवगडच्या आंबा बागायतदाराकडे पेट्यांची बिलं करणारं सॉफ्टवेअर द्यायचं, तर टेबलावर बहुधा दोन स्क्रीन असतात: १५० टक्क्यांवरचा नवा लॅपटॉप आणि शेजारी १०० टक्क्यांवरचा जुना मॉनिटर. हे टक्के म्हणजे स्केलिंग: अक्षरं आणि बटणं किती पट मोठी दाखवायची (१५० टक्के म्हणजे १.५ पट). अक्षर दोन्हीकडे स्वच्छ दिसलंच पाहिजे, म्हणून प्रोग्रामला हा आकडा कळायला हवा.

तो काढायला पिक्सेलना स्क्रीनच्या मिलिमीटरने भागा, असा सल्ला दिला जातो. तो सोडून द्या. काही टीव्ही स्वतःचं माप १६० बाय ९० मिलिमीटर असं नोंदवतात, म्हणजे खरं माप नव्हे, नुसतं १६:९ हे प्रमाण. शिवाय चष्मेवाल्याने मुद्दाम १७५ टक्के ठेवले असतील, तर ते कुठल्याच मापातून कळणार नाही.

मॅकवर विंडोचा 'बॅकिंग स्केल फॅक्टर' घ्या. १ किंवा २ येतो. लिनक्सवर विंडो दाखवणारी यंत्रणा वेलँड असेल तर 'फ्रॅक्शनल स्केल' प्रोटोकॉलचा आकडा १२०ने भागा, एक्स-११ असेल तर 'एक्सएफटी डीपीआय' ९६ने (डीपीआय म्हणजे इंचामागे ठिपके; ९६ म्हणजे १०० टक्के).

खरी मेख विंडोजवर आहे. प्रोग्राम डीपीआय सांभाळतो असं मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलं नसेल, तर विंडोज त्याला ९६च सांगतं आणि तयार चित्र ताणून दाखवतं. मग शिरोरेखा राखाडी होऊन फुगते, 'ष'मधली तिरकी रेघ पुसट होते आणि बिलावरचं 'शेष' 'शेप' वाचलं जातं. मॅनिफेस्टमध्ये 'पर-मॉनिटर व्ही-२' लिहा (विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून चालतं). कोडमधून नंतर सांगू नका. एक जरी विंडो उघडली असेल तरी उशीर झालेला असतो.

आता विंडोजच्या 'गेट-डीपीआय-फॉर-विंडो' या फंक्शनचं उत्तर ९६ने भागा. १४४ म्हणजे १.५. हा आकडा सुरुवातीला घेऊन कायमचा साठवून ठेवणं, हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर ओढली की 'डीपीआय चेंज्ड' संदेश येतो आणि त्यासोबत विंडोची नवी जागा व आकारही येतो. तो जसाच्या तसा वापरा. स्वतःचं गणित केलंत, तर विंडोचा मोठा भाग पुन्हा आधीच्या स्क्रीनवर जाऊ शकतो, संदेश परत येतो आणि विंडो दोन स्क्रीनच्या सीमेवर लहान-मोठी होत राहते. आकार बदलला की फाँट आणि आयकॉन नव्या स्केलने पुन्हा लोड करा.

क्यूटी ६ (विंडो आणि बटणं बनवायची तयार लायब्ररी) यातलं बरंच स्वतः करतं. तिथे बटणांची मापं पुन्हा स्केलने गुणू नका, नाहीतर ती दोनदा वाढतील. तिथला स्केलचा आकडा, 'डिव्हाइस पिक्सेल रेशो', फक्त स्वतः रंगवलेल्या चित्रांसाठी.

तपासणी १२५ टक्क्यांवर करा. २०० टक्क्यांवर चुका लपतात, इथे एका पिक्सेलची रेघ १.२५ होते. रेघेची जाडी पूर्णांकात आणा, स्केल मात्र १.२५च राहू द्या.