आर्सेनिक मोजताना: तांदूळ, लघवी, केस आणि नखे

तपासणीच्या अहवालात आर्सेनिकचा एकच आकडा छापून येतो, परंतु तो कोणत्या आर्सेनिकचा आहे हे कळल्याखेरीज त्यावरून काहीही ठरवू नये. सोमल (आर्सेनिकचे पांढरे विष) किंवा दूषित कूपनलिकेचे पाणी यांतले असेंद्रिय आर्सेनिक घातक असते. उलट समुद्री मासे, कोलंबी आणि खेकडे यांत मुख्यतः असणारे आर्सेनोबीटेन हे सेंद्रिय आर्सेनिक जवळजवळ निरुपद्रवी असून ते लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून नमुना पाठवतानाच ‘एकूण आर्सेनिक’ हवे की ‘असेंद्रिय आर्सेनिक’, हे प्रयोगशाळेला लेखी कळवावे.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे आलेल्या रुग्णांच्या कातडीवरील डागांचे मूळ कूपनलिकांच्या पाण्यात सापडले. तिथे भातशेतीलाही हेच पाणी दिले जाते, त्यामुळे अशा भागात आधी पाणी आणि मग तांदूळ तपासावा. पाण्यासाठी हातातला संच चालतो: नमुन्यातून निघणारा आर्सीन वायू मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदी पट्टी पिवळी ते तपकिरी करतो. मात्र हा रंग केवळ अंदाज देतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरमागे १० मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या आसपासचा निर्णय प्रयोगशाळेवर सोपवावा.

तांदळाचा नमुना पोत्याच्या वरच्या थरातून मूठभर उचलून घेऊ नये. वर, मध्ये आणि तळाशी अशा अनेक ठिकाणचे दाणे काढून एकत्र करावेत आणि त्यातूनच पाठवण्यापुरते घ्यावेत. दूषित पाण्यात शिजवलेला भात ते आर्सेनिक शोषून घेतो, त्यामुळे शिजलेल्या भाताचा वेगळा नमुनाही द्यावा. एकूण आर्सेनिकसाठी पीठ तीव्र नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हने विरघळवून आयसीपी-एमएस या मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणातही मोजणाऱ्या यंत्रात मोजतात. आर्सेनिकचे प्रकार ओळखायचे असल्यास हे चालत नाही, कारण तीव्र आम्लात ते मूळ रूपात टिकतीलच असे नाही; तेव्हा सौम्य नायट्रिक आम्लात ९५ अंश सेल्सिअसवर दीड तास ठेवून काढलेल्या अर्कातील प्रकार मोजण्याआधी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून वेगळे करावे लागतात.

प्रयोगशाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा: पडताळणीसाठी प्रमाणित तांदळाचे पीठ वापरले का? अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या १५६८बी या पिठात किलोमागे एकूण आर्सेनिक ०.२८५ मिलिग्रॅम, तर असेंद्रिय फक्त ०.०९२ मिलिग्रॅम आहे. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा असेंद्रिय आर्सेनिकची आहे. नुसता एकूण आकडा पाहणारा हे पीठ नापास करील, आणि ते चूक ठरेल.

शरीरातील अलीकडच्या संपर्कासाठी लघवी हाच विश्वासार्ह नमुना होय. रक्तातून आर्सेनिक काही तासांतच ओसरू लागते, म्हणून रक्त मुख्यतः ताज्या विषबाधेत उपयोगी पडते. नमुन्याआधी किमान चार दिवस समुद्री मासे, तिसऱ्या-कालवे आणि सागरी शेवाळ बंद ठेवावे. कोकणी किंवा गोमंतकीय घरात ही अट तपासणीपेक्षा अवघड वाटेल, पण एका जेवणातल्या कोलंबीनेही एकूण आकडा कैकपटींनी वाढू शकतो. हरताळ (आर्सेनिकयुक्त पिवळे खनिज) अथवा सोमल असलेले भस्म घेतले का, हेही विचारून नोंदवावे. लघवी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन थंड ठेवावी, लघवी किती पातळ आहे हे कळण्यासाठी क्रिएटिनिन सोबत मोजून घ्यावे आणि असेंद्रिय आर्सेनिक व शरीरात बनणारी त्याची मिथाइल रूपे, म्हणजे एमएमए आणि डीएमए, यांची बेरीज पाहावी. केवळ डीएमए जास्त दिसल्यास आहाराची पुन्हा चौकशी करावी, कारण शेवाळातील आर्सेनोशुगर शरीरात डीएमएमध्ये बदलतात आणि तांदळात तर डीएमए मुळातच असते.

केस मानेच्या वरच्या बाजूने, कातडीलगत कापून मुळाकडचे टोक दोऱ्याने बांधावे. ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तीन सेंटिमीटरचा तुकडा तीन महिने सांगतो. अंघोळीच्या पाण्यातले आर्सेनिक बाहेरूनही केसांना चिकटते आणि धुऊन ते पूर्ण निघत नाही. या बाबतीत पायाची नखे थोडी बरी. हातपंप बदलून महिना झालेल्या माणसाची लघवी ठीक आणि केस वा नखे मात्र वाईट निघाली, तर दोन्ही अहवाल बरोबर असू शकतात.