एक गंजिफा, घरच्या घरी

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर पाहून हात शिवशिवत असतील, तर एकाच पानापासून सुरुवात करा. दशावतारी संच 120 पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे-राणी शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली.

सगळी मदार खळीवर. चिंचोके भाजून टरफलं काढा, रात्रभर भिजवा, वाटा आणि मंद आचेवर ढवळत घट्ट शिजवा. जुन्या धुवट सुती कापडाचे तीन-चार थर या खळीने एकावर एक चिकटवून सावलीत वाळवा. उन्हाळ्यातच करा हं, पावसात आमच्याकडे बुरशी धरते. मग खळीत खडूची पूड कालवून दोन्ही बाजूंना लावा. वाळलं की गुळगुळीत दगडाने घोटा. दंड भरून आले तरी घोटा; खडबडीत पानावर रेघ फुटते आणि मग कितीही महाग कुंचला आणा, उपयोग नाही.

वाटी पालथी ठेवून गोल कापा. आधी जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, मग आकृती, शेवटी बारीक रेघा. मत्स्याच्या पानावर मासे काढा, पंजीवर पाच, छक्कीवर सहा. राजा-प्रधान नंतर, हात बसल्यावर. पाठ मात्र एकाच सपाट रंगाची ठेवा. तिथे एक ठिपका पडला, तर समोरचा पान ओळखणारच!