कुरणात गुरे आणि वन्यजीव एकत्र नांदवताना

उष्ण प्रदेशातील एखाद्या शेतावर गुरांसोबत स्थानिक वन्यजीवही टिकवायचे असतील, तर सुरुवात कुंपणापासून न करता गवताच्या मोजणीपासून करावी. पावसाळा संपताना कुरणाच्या दाट, मध्यम आणि विरळ भागांत एक चौरस मीटरची चौकट ठेवून आतले गवत जमिनीलगत कापावे, कडकडीत वाळवावे आणि त्याचे वजन करावे. सरासरी 200 ग्रॅम भरली, तर हेक्टरी सुमारे 2000 किलो सुके गवत उभे आहे असे समजावे. त्यातील तिसरा हिस्साच गुरांचा धरावा, कारण उरलेल्या गवतावर मुळे जगतात, जमीन झाकलेली राहते आणि रानातील तृणभक्षी, कीटक व जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांचा निभाव लागतो. 400 किलोचे जनावर वजनाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे रोज 10 किलो सुका चारा खाते. या हिशेबाने एका हेक्टरवर ते 66 दिवस पोसले जाईल. कळप किती मोठा ठेवायचा हे कोरड्या महिन्यांकडे पाहूनच ठरवावे आणि जास्तीची जनावरे गवत संपायच्या आधी विकावीत. माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत अवघड निर्णय हाच आहे, आणि तो टाळला की पुढचे सारे उपाय वाया जातात.

रानटी प्राणी गुरांच्या तोंडचा घास पळवतात, ही तक्रार अर्धीच खरी आहे. केनियातील लाइकिपिया भागात झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, कोरड्या ऋतूत वन्य तृणभक्ष्यांसोबत चरणाऱ्या गुरांचे वजन कमी वाढते, मात्र पावसाळ्यात ते उलट अधिक वाढते, कारण झेब्रे जून झालेल्या वाळक्या काड्या खाऊन टाकतात आणि गुरांना कोवळा चारा मिळतो. म्हणून पावसाळ्यात दोघांना एकत्र चरू द्यावे आणि कोरड्या दिवसांसाठी कुरणाचा एक भाग आधीपासून राखून ठेवावा.

उरलेल्या कुरणाचे भाग पाडून गुरे आळीपाळीने फिरवावीत. हलवण्याचा दिवस दिनदर्शिका पाहून नव्हे, तर गवताची उंची पाहून ठरवावा. ज्या भागात पक्ष्यांची घरटी दिसतील, तो भाग पिल्ले उडेपर्यंत चराईसाठी बंद ठेवावा.

ओढ्याच्या काठी गुरे मोकळी सोडल्यास काठ ढासळतात आणि पाणी गढूळ होते. काठाच्या झाडीला कुंपण घालून पाणी दूरच्या हौदात आणावे. हौदाच्या आतल्या बाजूने तळापर्यंत खडबडीत दगडांचा उतार रचावा, म्हणजे पाण्यात पडलेले पक्षी व सरडे चढून बाहेर येऊ शकतील. कुंपणाची सर्वांत खालची तार काट्यांविना आणि जमिनीपासून सुमारे 40 सेंमी उंच ठेवावी, जेणेकरून लहान प्राण्यांना खालून जाता येईल.

सर्वाधिक दुर्लक्षित बाब औषधांची आहे. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिल्यानंतर त्याचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. हे किडे शेणाचे गोळे जमिनीत पुरतात, त्यामुळे खत मुळांपर्यंत पोहोचते आणि शेणात वाढणाऱ्या माश्यांना जागा कमी उरते. शिवाय कित्येक पक्षी या शेणकिड्यांवरच जगतात. यासाठी सर्व कळपाला ठरावीक तारखेला जंतनाशक पाजण्याऐवजी शेण तपासून घ्यावे आणि गरज असलेल्या जनावरांनाच पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे. औषध दिलेली गुरे काही दिवस वेगळ्या वाड्यात ठेवणे उत्तम.

हिंस्र श्वापदांचा वावर असेल तेथे गुरे रात्री भक्कम वाड्यात बांधावीत आणि गाभण गाई व लहान वासरे दाट झाडीपासून दूर, माणसांच्या नजरेत ठेवावीत. मेलेले जनावर कुरणात पडू दिल्यास श्वापदांना त्या जागेची सवय लागते, त्यामुळे ते लगेच हलवावे. परिसरात गिधाडे असतील आणि रोगाची शंका नसेल, तर मृत जनावर त्यांच्यासाठी वाड्यापासून दूर उघड्यावर ठेवता येते. मात्र त्याला मृत्यूपूर्वी डायक्लोफेनॅक दिलेले नसावे. या वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणूनच भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरासाठीच्या उत्पादनावर बंदी आणली. त्याऐवजी गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम वापरावे, आणि कोणत्या जनावराला कोणते औषध कधी दिले याची नोंद वाड्यातच ठेवावी.