तळ्यातला लाकडी तराफा: बांधणं सोपं, जागेवर ठेवणं अवघड

पोहणाऱ्यांना चढून बसायला तळ्यात तराफा करायचा म्हटलं की सगळे ड्रम आणि फळ्यांबद्दल बोलतात. त्यात फार काही नाही, बरा सुतार दोन दिवसांत सांगाडा उभा करतो. काम फसतं ते नांगराशी, म्हणजे तराफा दोरानं जागेवर धरणाऱ्या तळाच्या वजनाशी. पुण्याच्या आसपासचं कुठलंही पाणी वर्षभर एका पातळीला राहत नाही. ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेलं तळं मेमध्ये पार खाली जातं आणि दोर मात्र तेवढाच राहतो.

आधी जागेचं. बहुतेक धरणांचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, लेखी परवानगीशिवाय तिथे काहीही सोडू नका. खडकवासल्याचा तर विचारही नको, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. पुढचं सगळं मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या खाजगी तळ्यांसाठी आहे.

माप 10 फूट बाय 8 फूट. यापेक्षा लहान तराफा एका बाजूने चढलं की कलंडतो. खाली 200 लिटरचे सहा प्लास्टिक ड्रम, आडवे झोपवून, तीन-तीनच्या दोन रांगांत, दोन्ही लांब कडांना. एक ड्रम स्वतःचं वजन सोडून सुमारे 200 किलो उचलतो, म्हणजे एकूण 1200. भिजलेलं लाकूड, बोल्ट आणि शिडी धरून 300 किलो जातात. उरलेले 900 पाहून बारा माणसं चढवू नका. माणसं एका कडेला गोळा होतात तेव्हा भार एकाच रांगेवर येतो आणि त्या रांगेची ताकद 600 किलोच आहे. सगळीकडे पसरून सहा जण, एका कडेला जास्तीत जास्त चार. हा आकडा फळीवर रंगवून ठेवा.

ड्रम दोन बुचांचे, बंद तोंडाचे घ्या. झाकणाला पट्टी असलेले उघड्या तोंडाचे ड्रम पाणी पितात. भोसरी-चिंचवडकडे जुने ड्रम भरपूर मिळतात, पण आधी त्यात काय होतं ते विचारा. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी पोहण्याच्या पाण्यात नको. बुचांना टेफ्लॉन टेप गुंडाळून ती पहाटेच्या गारव्यात घट्ट करा. दुपारच्या उन्हात बंद केलेला ड्रम पाण्यात गार झाला की आतली हवा आकसते, ड्रम चेपतो आणि बुचातून पाणी ओढतो.

लाकूड सागवान. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये घनफुटावर मिळतं. सांगाडा आणि फळ्यांना पावणेतेरा घनफूट लागतं, ठोकळे आणि घट धरून 15 घ्या. सांगाड्याला 6 बाय 2 इंची तुळया: 10 फुटी सहा आणि 8 फुटी दोन. वर 5 इंच रुंद, 1 इंच जाड, 8 फुटी 23 फळ्या, मध्ये पाव इंचाला किंचित कमी फट. सांगाड्याला 10 मिमीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, फळ्यांना स्टेनलेस स्क्रू. खिळा वापरू नका, लाकूड फुगतं-आकसतं तसा तो वर येतो आणि पायात घुसतो. व्हार्निशही नको, ओल्या पायाखाली घसरतं.

ड्रम ज्या दोन तुळयांमध्ये बसतो त्यांच्यात आतून-आतून 18 इंच ठेवा. इतकं ठेवलं की ड्रमची पाठ तुळयांमध्ये सव्वाचार इंच वर येते आणि फळीखाली पावणेदोन इंच मोकळे राहतात. 20 इंच केलेत तर पाठ जवळजवळ फळ्यांना भिडते, मग प्रत्येक लाटेला ड्रम फळ्या वर ढकलतो आणि स्क्रू उपटतो. ड्रमांच्या मध्ये ठोकळे, प्रत्येक ड्रमला 50 मिमीचे दोन पॉलिएस्टर पट्टे. ड्रमला भोक पाडून स्क्रू मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

सांगाडा काठावरच उलटा जोडा, ड्रम बसवा, आठ जणांनी मिळून उलटवा आणि फळ्या शेवटी बसवा.

आता नांगर. दोर आखूड ठेवला तर पावसाळ्यात पाणी चढतं आणि तराफ्याचा कोपरा खाली ओढला जातो. लांब ठेवला तर उन्हाळ्यात ढिला दोर पोहणाऱ्याच्या पायात येतो. मधली लांबी काढून दोन्ही ऋतू निभावता येत नाहीत, यावर वेळ घालवू नका. उपाय एकच: लटकतं वजन. दोर नांगरापासून वर येतो, कोपऱ्याखालच्या कप्पीवरून वळतो आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं. पाणी चढलं की वजन वर येतं, उतरलं की खाली जातं. दोर कायम ताणलेला राहतो. असं चारही कोपऱ्यांना.

खोली मोजताना आजच्या पाण्यापासून मोजू नका. सांडव्याची पातळी धरा, आणि पुराच्या वेळी सांडव्यावरूनही पाणी वाहतं म्हणून एक मीटर वाढवा. सांडव्याच्या पातळीला 6 मीटर खोली असेल तर दोर 7 मीटर. मेमध्ये खोली 4 मीटर राहिली तर वजन कप्पीखाली 3 मीटरवर लटकतं, तळापासून मीटरभर वर. मेमधली खोली दोराच्या निम्म्याहून कमी असेल तर वजन तळाला टेकतं आणि दोर ढिला पडतो. अशी जागा सोडा, दुसरी शोधा.

नांगर प्रत्येकी 150 किलोचा. लोक 50 किलोचा ठोकळा टाकून निश्चिंत होतात. काँक्रीट पाण्यात दर 100 किलोमागे सुमारे 42 किलोनं हलकं होतं, म्हणजे त्या ठोकळ्याचे खाली जेमतेम 29 किलो उरतात. वळवाच्या वादळात तराफ्याच्या बाजूवर 60 किलोच्या आसपास ओढ येऊ शकते, तो ठोकळा गाळातून घसटत जाईल. 60-65 लिटरच्या प्लास्टिक टबात काँक्रीट ओता, मध्ये 16 मिमीचा गॅल्व्हनाइज्ड आकडा, त्याचे पाय आत पसरून सळ्यांच्या जाळीखाली अडकवलेले. आठवडाभर पाणी मारा. लटकतं वजन म्हणजे 20 लिटरचा रंगाचा डबा, अर्धा भरलेला: बाहेर 24 किलो, पाण्यात 14.

दोर 12 मिमीचा नायलॉन. बाजारातला निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो, पण तो तरंगतो आणि उन्हानं कुजतो. तो नकोच. कप्पीचं चाक नायलॉनचं आणि मोकळं फिरणारं हवं, नुसत्या लोखंडी कडीवर दोर एका पावसाळ्यात चिरतो. नांगराच्या आकड्याला दोर थेट बांधू नका, थिंबल (दोराच्या फासात बसणारी धातूची खोबण) आणि शॅकल (पिनेनं बंद होणारी कडी) घाला.

नांगराचा ठोकळा तराफ्यावरून ढकलायचा नाही. दोराचं वेटोळं पायाशी असेल तर माणूस ठोकळ्याबरोबर खाली जातो. काठाशी कंबरभर पाण्यात ठोकळा रिकाम्या ड्रमखाली टांगा. पाण्यात त्याचे 87 किलोच भरतात, ड्रम सहज पेलतो. ओढत जागेवर न्या, प्रत्येक कोपऱ्यापासून मीटरभर बाहेर, आणि लाइफ जॅकेट घालून, अंग लांब ठेवून, ठोकळा टांगलेला दोर कापा. नांगराच्या मुख्य दोराचं टोक तरंगत राहावं म्हणून त्याला आधीच रिकामा कॅन बांधलेला असू द्या. मेमधल्या कमी पाण्यात वाऱ्यानं तराफा पाच-सहा मीटर सरकून परत येतो, म्हणून काठ आणि खडक दहा मीटर लांब असावेत.

रिकामा तराफा पाण्यावर दीड फूट उंच राहतो, तेव्हा शिडी लागतेच. तीन पायऱ्या पाण्याखाली हव्यात, दमलेला माणूस हातांच्या जोरावर वर येत नाही. सूर मारायचा असेल तर मेमध्येही 3 मीटर खोली आणि खाली खोडं-दगड नाहीत याची स्वतः बुडी मारून खात्री करा. लहान मुलांना तराफ्याखालून जाऊ देऊ नका.

प्लास्टिक कागद घातलेल्या शेततळ्यात नांगर टाकू नका, अस्तर फाटतं. तिथे काठावर खुंट्या ठोकून चार दोर ओढा. त्या कागदावर पाय घसरतो आणि चांगला पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यात सोडल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका.

मेच्या शेवटी, पाणी सर्वात खाली असताना, चारही दोर कप्पीपाशी हातानं चाचपा. जिथे धागे फुललेत तो दोर पावसाआधी बदला.