स्क्रिप्टने उघडलेले क्रोम साचून मशीन बसत असेल तर

नागपूरच्या कळमना मार्केटचे संत्र्याचे भाव पहाटेपासून दर दहा मिनिटांनी उचलायला सिलेनियमची (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाची) स्क्रिप्ट लावली होती. एक दिवस पान अर्धवट उघडून अडकलं. क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणारा प्रोग्राम) मात्र इमानदारीत नवनवे क्रोम उघडत राहिला. सकाळी धरमपेठेतल्या खोलीचं दार उघडलं, तर सीपीयूचा पंखा कुलरपेक्षा मोठ्याने ओरडत होता! हल्ला वगैरे काही नव्हता, पण कुणी मुद्दाम असं अडकवणारं पान ठेवलं तरी हेच होणार.

१. पान लोड व्हायची मुदत स्वतः ठरवा. सिलेनियम मुळात ३०० सेकंद वाट बघतं. मी ३० ठेवलेत; सरकारी साइट असेल तर ६० द्या, बिचाऱ्या हळूच उघडतात.

२. शेवटी 'क्लोज' नको, 'क्विट' लिहा, आणि तेही 'फायनली'मध्ये (मध्ये चूक झाली तरी शेवटी चालणाऱ्या भागात). 'क्लोज'ने नुसती खिडकी जाते, ड्रायव्हर (क्रोमला हुकूम देणारा प्रोग्राम) मागे तसाच राहतो. माझी खरी चूक हीच. मात्र स्क्रिप्ट 'किल -९'ने (जबरदस्तीने बंद करणाऱ्या आज्ञेने) मारली तर 'फायनली' चालतच नाही. उरलेले क्रोम हाताने मारा.

३. क्रॉनच्या ओळीत 'एफलॉक -एन' ही कुलूप लावणारी आज्ञा घाला. आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरूच होत नाही.

४. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर मेमरीला मर्यादा घाला, पण शेअर्ड मेमरी (क्रोमचे भाग आपसात वाटून वापरतात ती) वाढवा. मुळातल्या ६४ एमबीत क्रोम कोसळतो.

एक सांभाळा: सिलेनियम ग्रिडचं (दुसऱ्या मशीनवरून ब्राउझर चालवू देणाऱ्या सर्व्हरचं) ४४४४ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. मुळात त्याला पासवर्ड नसतो. कुणीही येऊन ब्राउझरच्या सगळ्या जागा अडवून बसेल.